दात रेषेपलीकडे मिळतील

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांनी पस्तीस वर्षं घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचले आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत स्वतः गुडघ्याच्या वर पाण्यात उतरले नाहीत. अंघोळसुद्धा एका बादलीत, तीही पाऊण. पाणी वाया गेलेलं त्यांना बघवत नसे. पस्तीस वर्षांत त्यांना आकड्यांवरून माणसं ओळखता यायला लागली होती. कुणाकडे पाहुणे मुक्कामाला आलेत, कुणाची टाकी गळतेय, कुणाचा मुलगा वसतिगृहातून घरी परतलाय, हे ते मीटरचं झाकण उघडूनच सांगत. एका गृहस्थाला त्यांनी सहज विचारलं, तुमच्याकडे हल्ली दिवसातून तीनदा अंघोळ कोण करतं, तर त्या घरात दोन दिवस चूल थंड राहिली.

माणूस सरळ, निर्व्यसनी. एकच खोट. हातात घेतलेलं काम दाजींनी कधी शेवटाला नेलं नाही. मीटर तेवढे ते पूर्ण वाचायचे, कारण त्यात आकडेच पाच असत.

ताईच्या स्वयंपाकघराचं दार खालून कमरेपर्यंत हिरवं आहे आणि वर मूळचं लाकूड. हा रंग अकरा वर्षांपूर्वी लागला. मागच्या अंगणात त्यांनी मासे पाळायला हौद खणायला घेतला, तो पोटरीएवढा खोल होऊन थांबला. त्यात आधी ताईच्या लेकीचा, माझ्या भाचीचा, पाय मुरगळला आणि पुढे मांजरीने पिल्लं घातली. बासरी शिकले, पण प्रत्येक सूर अर्ध्यावर. गोष्ट सांगायला बसले की ऐन रंगात पाणी प्यायला उठत आणि परत आल्यावर दुसरीच गोष्ट सुरू करत. आमचे वडील त्यांना पाठीमागे आरंभशूर म्हणायचे. समोर म्हणायचे, “जावईबापू, एक ना धड.” पुढचं बोलत नसत. दाजींच्या संगतीत त्यांनाही ते अर्धं सोडायची सवय लागली असावी.

हे सगळं सांभाळलं ताईने. कुणी पाहुणा यायचा असला की ती त्या दारापुढे फुलझाडाची कुंडी सरकवायची. कुणी विचारलंच, तर तिचा एकच शब्द ठरलेला, “करतील.” अडतीस वर्षं ती तो शब्द वापरत आली. इतक्या शांतपणे म्हणायची की ऐकणाऱ्यालाच विचारल्याची लाज वाटावी. मी तिची धाकटी बहीण, मला मात्र माहीत होतं. एकदा कुंडी सरकवताना ती पुटपुटली होती, “एकदा तरी कुणाला सांगता यावं गं, की आमच्या ह्यांनी हे पूर्ण केलं.”

निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी दाजींना चालायला सांगितलं. ते चालायला लागले, पण पाय आपोआप जुन्या वाटेने जात. चालता चालता लोकांच्या फाटकांशी थांबायचं, वाकून मीटरचं झाकण उघडायचं, आकडा बघून मान हलवायची आणि पुढे निघायचं. लोकांना वाटलं, महिन्यातून तीसदा रीडिंग घेतात म्हणजे बिल वाढणार. त्यांच्या जागी आलेल्या नव्या माणसाने ऑफिसात तक्रार केली. ऑफिसने प्रेमाने कळवलं की साहेब, आपण दुसरीकडे चालावं. म्हणून ते तलावाकडे जायला लागले, आणि तिथे त्यांना ती मंडळी भेटली.

ती मंडळी म्हणजे पन्नाशी-साठी उलटलेली आठ-दहा माणसं. पहाटे तलावात पोहायची, बाहेर येऊन सायकली हाणायची आणि वर पळायची. त्यांना शिकवायला पोहण्याच्या एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. वय एकाहत्तर, आवाज शाळेच्या घंटेसारखा. महिनाभराने दाजी एक फॉर्म घेऊन घरी आले आणि ताईला समजावून सांगू लागले. याला ट्रायथलॉन म्हणतात. आधी तलावात जवळजवळ दोन किलोमीटर पोहायचं, मग ओल्या अंगाने नव्वद किलोमीटर सायकल मारायची, आणि पायांत जीव उरला असेल तर एकवीस किलोमीटर पळायचं. सगळं मिळून साडेआठ तासांत. याच्या दुप्पटही असतं म्हणे, पण ते नंतर बघू.

ताईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “एवढं करून पोचतात कुठे?”

“जिथून निघालो तिथेच.”

ताई भाजी निवडत होती. तिने ती शेवटच्या काडीपर्यंत निवडून संपवली. मग म्हणाली, “अर्धं सोडायचं असेल तर आत्ताच सोडा. ह्याच्यापुढे लावायला माझ्याकडे कुंडी नाही.”

दाजी म्हणाले, नाही सोडणार. हे वाक्य आम्ही बासरीच्या वेळीही ऐकलं होतं.

पण तीन वर्षं गेली आणि त्यांनी खरंच सोडलं नाही. सायकलची अडचण नव्हतीच, सगळी नोकरी सायकलवर झाली होती. पळणं म्हणजे भराभर चालणं, तेही जमत होतं. घोडं पेंड खात होतं ते पाण्यात. पहिले दोन महिने दाजी पोहण्याच्या तलावाचा कठडा धरून उभे असत, बसची वाट बघत असल्यासारखे. मास्तरीणबाई ओरडायच्या, “श्वास पाण्यात सोडा, सगळा सोडा.” एक दिवस दाजींनी मनावर घेतलं आणि जोर लावून सगळा सोडला. श्वासाबरोबर कवळीही गेली.

दाजींचे दात साठीलाच गेले होते. वरची-खालची पूर्ण कवळी. त्याबद्दल ते भलते हळवे. घरात आम्हां दोघी बहिणींशिवाय त्यांचं मोकळं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं, भाचीनेसुद्धा नाही. कवळी नसली की ओठ मिटून बसत, फोन आला तर हुंकार देत. त्या दिवशी पाण्यातून वर आले ते दोन्ही हात तोंडावर ठेवूनच, त्यामुळे जवळजवळ बुडाले. मास्तरीणबाईंनी सूर मारला आणि तळाशी पडलेल्या कवळ्या वर आणून कठड्यावर मांडल्या. आजूबाजूला पोरंबाळं जमली. मास्तरीणबाई सांगतात, ते दात कठड्यावरून सगळ्यांकडे बघून हसत होते आणि दाजी एकटे रडवेले.

तेव्हापासून रीत पडली. पाण्यात उतरण्याआधी दाजी पाठ फिरवून कवळी काढायचे, एका निळ्या डबीत घालायचे आणि डबी बाकावर ठेवायचे. पण बाकावरची डबी ते तशीच विसरून यायचे. दोनदा त्यावर कुणीतरी बसलं. मग ताई सोबत जायला लागली. दाजींनी डबी खाली ठेवली की तिने ती उचलायची आणि पर्समध्ये टाकायची. ते बाहेर आले की पर्समधून काढून हातात द्यायची. बोलणं नाही, विचारणं नाही. जवळजवळ तीन वर्षं हे रोज चाललं. नमस्काराला हात जसे आपोआप जुळतात, तसा ताईचा हात त्या डबीकडे जायचा.

स्पर्धेला नाव घातल्यावर ताईने आयुष्यात कधी केली नव्हती अशी एक गोष्ट केली. तिने लोकांना आधीच सांगितलं. शेजारच्या चारही घरांत सांगितलं, ती जिथे पूर्वी ग्रंथालयात नोकरी करायची तिथे जाऊन सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, आमच्या नात्यात ज्यांना ज्यांना त्या दाराची माहिती होती त्या सगळ्यांना फोन करून सांगितलं. मी म्हटलं, “ताई, जरा दमाने घे. आधी होऊ तर दे.” ती म्हणाली, “होऊन गेल्यावर सांगण्यात काय विश्वास?” श्रद्धेच्या गोष्टी मी तिला शिकवाव्यात असं काही नाही.

स्पर्धेच्या गावी आम्ही आदल्या दिवशी पोचलो. दाजी, ताई, भाची आणि मी. दाजींच्या वयोगटात, पासष्ट ते एकोणसत्तर, त्यांचं एकट्याचंच नाव होतं. भाची म्हणाली, “बाबा, तुम्ही पहिले येणार हे नक्की.” दाजी म्हणाले, “शेवटचाही मीच.” पण पहिलं यायलाही आधी पोचावं लागतं, हे चौघांच्याही मनात होतं.

पहाटे तलावाकाठी पिवळ्या दिव्यांत चारेकशे माणसं घट्ट रबरी कपडे चढवत होती. प्रत्येकाला एक पिशवी होती. पोहून आल्यावर सायकलीच्या वेळी जे लागेल ते त्या पिशवीत भरून आत द्यायचं. आत फक्त स्पर्धकांना प्रवेश, घरच्यांनी कुंपणाबाहेर. दाजींच्या पिशवीत बूट, हेल्मेट, टॉवेल, आणि सुक्या मेव्याचे सहा बार. हे बार दगडासारखे कडक, पण मास्तरीणबाईंचा हुकूम होता की सरावात जे खाल्लं तेच स्पर्धेत खायचं, पोटाला नवीन काही दाखवायचं नाही.

कुंपणाशी दाजींनी पाठ फिरवली, कवळी काढली, डबीत घातली आणि डबी उघड्या पिशवीच्या तोंडाशी ठेवून पिवळी रबरी टोपी चढवायला लागले. टोपी डोक्याला घट्ट. भाची मागून ओढत होती, मी पुढून. टोपी बसली, दाजींनी पिशवीची नाडी आवळली, आम्हांला मिटल्या ओठांनीच निरोप दिला आणि आत गेले.

शिट्टी झाली. चारशे माणसं पाण्यात उतरली तेव्हा तलाव उकळतोय असं वाटलं. पोहायला एक तास दहा मिनिटांची मुदत. त्यापुढे जो पाण्यात, तो बाद. माझा देवावर भाव आहे, पण देवाला खेळाच्या मैदानात ओढू नये असं मला वाटतं. त्याला दोन्ही बाजूंची माणसं सारखीच. तरी त्या तासाभरात मी बोटांवर नाव मोजत होते. एक तास सहा मिनिटांनी एक पिवळी टोपी काठाला लागली. दाजी उठले, पडले, पुन्हा उठले आणि दोन्ही हात तोंडावर धरून पळत तंबूत शिरले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला गहिवरून आलं.

सायकल घेऊन ते निघून गेल्यावर ताईने डोळे पुसायला पर्समधून रुमाल काढला, तर रुमालाबरोबर डबी वर आली.

ती डबीकडे बघत राहिली. मी डबीकडे बघितलं, मग तिच्याकडे. ती म्हणाली, “मी कधी उचलली?”

कधी म्हणजे काय. त्यांनी खाली ठेवली तेव्हा. रोज उचलते तशी.

भाची आधी हसली आणि मग तिचा चेहरा उतरला. कारण दाजींच्या खिशात सहा बार होते आणि तोंडात एकही दात नव्हता. चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण लहानपणी पाटीवर गिरवली होती, पण ती नव्वद किलोमीटर सायकलवरून जाताना बघेन असं वाटलं नव्हतं.

ताई म्हणाली, वाटेत कुठेतरी गाठून देऊन टाकू. भाचीने तिचा हात धरला. नियम असा, की स्पर्धकाने बाहेरच्या कुणाकडूनही काहीही घ्यायचं नाही. वाटेत स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाची टेबलं असतात, तिथे पाणी, केळी, ब्रेड मिळतो, तेवढंच. घरच्याने साधा रुमाल दिला तरी स्पर्धक बाद.

ताईला ते पटेना. ती सरळ मुख्य पंचांकडे गेली. त्या चाळिशीच्या एक उंच बाई होत्या, गळ्यात शिट्टी, हातात नियमांचं पुस्तक. ताईने डबी उघडून दाखवली. पंचबाई अर्धं पाऊल मागे सरकल्या. ताईने सांगितलं की ही बाहेरची मदत नव्हे, हा त्यांच्याच अंगाचा भाग आहे, चुकून माझ्याकडे राहिलाय. पंचबाईंनी पुस्तक चाळलं. चष्म्याबद्दल होतं, कानातल्या यंत्राबद्दल होतं, कृत्रिम पायाबद्दलही होतं, पण ते सगळं स्पर्धक सुरुवातीला बरोबर घेऊन निघाला तर. दातांचं नावही नव्हतं. पंचबाई बऱ्याच वेळाने म्हणाल्या की एक वाट आहे. आत कुणाची वस्तू पडली आणि आम्हांला सापडली, तर आम्ही ती स्पर्धकाला परत देतो. ही डबी आत कुठे पडलेली मिळाली का?

इतकी सरळ विचारणा होती की नुसती मान हलवायची होती. मी मनातल्या मनात मान हलवूनही टाकली, देव मला क्षमा करो. ताई म्हणाली, “नाही. मी बाहेर उचलली.”

पंचबाईंनी पुस्तक मिटलं. म्हणाल्या, “मग तुम्ही दिलीत की ते बाद. माझ्या समोर दिलीत तर मला लिहावं लागेल.” आणि थोड्या हळू आवाजात, “मागे दिलीत तरी कळतंच, बाई.”

सायकलच्या दोन फेऱ्या होत्या. पहिली फेरी संपवून दाजी आमच्या समोरून जाणार होते. त्यांना निदान दात हरवले नाहीत एवढं तरी कळावं, म्हणून ताई कठड्याला रेलून उभी राहिली. ताई ग्रंथालयात एकतीस वर्षं काढलेली बाई. चढा आवाज तिने दुसऱ्यांचा बंद केलेला, स्वतःचा कधी लावलेला नव्हता. दाजी वळणावर दिसले तशी ती ओरडली.

“अहो, तुमचे दात माझ्याकडे आहेत!”

आजूबाजूची पन्नास डोकी वळली. शेजारच्या एका गृहस्थाने काळजीने विचारलं, “कुणाचे?” दाजींनी ऐकलं यात शंका नाही, कारण ते कानांपर्यंत लाल झाले आणि ओळखत नसल्यासारखे, ओठ मिटून, मान खाली घालून निघून गेले. अडतीस वर्षांच्या संसारात त्यांनी ताईला अनोळखी केलं ते एवढं एकदाच.

हे बघून मात्र मला खरी भीती वाटली. त्यांनी ओठ मिटले होते. म्हणजे हा माणूस नाकाने श्वास घेत सायकल मारतोय आणि टेबलावरच्या लोकांपुढे तोंड उघडायला नको म्हणून केळंसुद्धा खात नाहीये. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. भाचीने फोनवर मास्तरीणबाईंना विचारलं, तर पलीकडून घंटा वाजली, “त्या लाजाळूच्या झाडाला सांगा, पोटात काही गेलं नाही तर पळताना पडेल.” पण सांगायचं कसं, तेही ओरडून?

दुपार चढली. सायकल मुदतीच्या आत संपली. पळण्याच्या तीन फेऱ्या, प्रत्येकी सात किलोमीटर, आणि प्रत्येक फेरीत ते कठड्याजवळून जाणार. एव्हाना तो कठडा आमचा राहिला नव्हता. मघाचे काळजीवाले गृहस्थ आपल्या मुलीला धीर द्यायला आले होते, ते तिचं सोडून दाजींची वाट बघत होते. कुणीतरी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘दात सुखरूप आहेत’. पहिल्या फेरीला दाजी आले तेव्हा पळत होते. पुठ्ठा वाचून त्यांनी वेग वाढवला, तो आमच्यापासून लांब जाण्यासाठी.

दुसरी फेरी संपवून आले तेव्हा चालत होते.

चालत होते म्हणण्यापेक्षा एक पाय टाकून दुसऱ्याची वाट बघत होते. चेहरा राखेसारखा. घड्याळात एक तास दहा मिनिटं उरली होती आणि सात किलोमीटर बाकी होते. ते सरळ कठड्याशी आले, ताईच्या पुढ्यात थांबले आणि हात पुढे केला. सकाळपासून पहिल्यांदा तोंड उघडलं.

“दे.”

दहा पावलांवर पंचबाई उभ्या होत्या. त्यांनी शिट्टी हातात घेतली नाही, पण नजरही काढली नाही.

ताईची पर्स उघडी होती. डबी तिच्या हातात होती. ती म्हणाली, “दिली तर बाद व्हाल.”

“माहीत आहे. दे.”

तेव्हा मला समजलं आणि ताईला तर माझ्या आधी समजलं असणार. त्यांना दात नको होते. त्यांना थांबायला कारण हवं होतं, आणि ते बायकोच्या हातात तयार होतं. रंग संपला, कुदळ मोडली, बासरीला चीर गेली, तसंच आता हिने डबी दिली. मग जन्मभर कुणी विचारलं तर सांगता येईल, झालंच असतं हो, पण हिच्या हातून चूक झाली. आणि चूक झालीच होती. उद्या दूधवाल्यापासून नात्यातल्या शेवटच्या माणसापर्यंत सगळ्यांना हेच सांगावं लागणार होतं, आणि ते खोटंही नसतं.

ताईने डबी पर्समध्ये टाकली. पर्सची चेन लावली. एवढं साधं काम तिने इतक्या सावकाश केलं की चेनच्या दातांचा आवाज आम्हांला ऐकू आला.

“दात रेषेपलीकडे मिळतील,” ती म्हणाली. “मी तिथे जाऊन उभी राहते.”

“पाय उचलत नाहीयेत गं.”

“दिसतंय मला. उपाशी आहात. समोर टेबल आहे, तोंड उघडा आणि केळं खा. हे तोंड मी सात वर्षं रोज बघतेय. लोकांनी एक दिवस बघितलं तर त्यांना काही होत नाही.”

दाजी उभेच. मग त्यांनी हात मागे घेतला, पँटीला पुसला, जणू काही लागलं होतं त्याला, आणि टेबलाकडे गेले. आधी पाठ फिरवली. पाठ फिरवली तर दुसऱ्या बाजूला लोक होते. तिकडून वळले तर आम्ही होतो. शेवटी त्यांनी हताश होऊन सगळ्यांसमोर तोंड उघडलं आणि केळं हिरड्यांनी दाबून खाल्लं. मग दुसरं. मग ब्रेड गोड सरबतात बुडवून. कुणी हसलं नाही. ते काळजीवाले गृहस्थ तेवढे म्हणाले, “सावकाश, काका, ठसका लागेल.” आणि मग दाजी निघाले ते तोंड उघडं टाकून, वारा आत घेत. इतका वेळ नाकाने काम चालवलेल्या माणसाला आख्खा दरवाजा मिळाला होता. वळणापर्यंत ते चालले, आणि वळणानंतर, भाची शपथेवर सांगते, पळाले.

आम्ही शेवटच्या रेषेपाशी गेलो. तिथे दोरी बांधली होती, घरच्यांनी अलीकडेच थांबायचं. ताई दोरीला पोट लावून उभी. तीनला वेळ संपणार होती, पंधरा मिनिटं राहिली. मग दहा. एक बाई आली, दोन पुरुष एकमेकांना धरून आले. भाची नखं खात होती, आणि मी देवाला खेळात ओढायचं नाही हा माझा नियम गुंडाळून ठेवला होता. देवाकडे आजवर पुष्कळ मागितलं, आजारपणात, अडीअडचणीत. पण एक बिनदाताचा माणूस सहा मिनिटं आधी पोचव, असं मागायची ही पहिलीच वेळ.

देवाने सहा म्हटलं तर सहाच दिली. दोन चोपन्नला दाजींनी रेष ओलांडली. ओलांडल्यावर थांबले, मागे वळून रेष नीट बघितली, आणि खात्रीसाठी एक पाऊल आणखी पुढे गेले. गळ्यात बिल्ला पडला. पंचबाई दोरीपाशी आल्या, ताईपुढे तळहात पसरला आणि म्हणाल्या, “द्या आता.” ताईने डबी दिली. पंचबाई ती दोन्ही हातांत धरून दाजींकडे घेऊन गेल्या, अगदी बक्षीस द्यावं तशी.

खरं बक्षीस तासाभराने मिळालं. पासष्ट ते एकोणसत्तर वयोगट, प्रथम क्रमांक. दाजी एकटेच व्यासपीठावर चढले, सर्वांत उंच पायरीवर, दोन्ही बाजूंच्या पायऱ्या रिकाम्या. कवळी बसवलेली, केस विंचरलेले. निवेदकाने ध्वनिक्षेपक पुढे करून विचारलं, या वयात हे जमवण्यामागचं रहस्य काय? मी मनात म्हटलं, आता अर्ध्यात पाणी प्यायला उतरणार.

दाजींनी ध्वनिक्षेपक धरला. “मी दुसऱ्या फेरीनंतर सोडणार होतो,” ते म्हणाले. “मला सोडायचंच होतं. हिने दात दिले नाहीत.”

मैदान हसलं. सकाळपासून दातांची गोष्ट सगळीकडे पसरली होती, लोकांना हा त्याच्यावरचा विनोदच वाटला. पुठ्ठेवाल्याने पुठ्ठा उंच केला. काळजीवाले गृहस्थ डोळे पुसून पुसून हसत होते. दाजी हसले नाहीत, गर्दीत ताईला शोधत होते.

ताईही हसली नाही. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “तू उजवीकडे उभी होतीस, तुला दिसलं असेल. त्यांच्या आधी माझाच हात डबी घेऊन पुढे गेला होता.”

मी म्हटलं, मला नाही दिसलं.

दिसलं होतं. पण एका दिवसात तिने एक खोटं नाकारलं होतं, तर एखादं माझ्याकडून चालून गेलं असतं. तिने पर्स खांद्यावर नीट केली, लोकांना बाजूला करत व्यासपीठाच्या पायरीशी गेली आणि दाजी उतरताना त्यांना आधाराला आपला खांदा दिला.